घरची शुश्रूषा : सवलत कीं हक्क ?

म्हातारपणीं मनुष्याच्या मागण्या फारशा मोठ्या नसतात. आपली खाट, आपली खिडकी, ओळखीचा उंबरठा आणि हांकेच्या अंतरावर कोणी तरी माणूस, एवढें मिळालें म्हणजे तो बहुधा तृप्त असतो. ही इच्छा श्रीमंताची जशी असते तशीच गरिबाचीही असते. भेद इतकाच कीं, श्रीमंताला ती विकत घेतां येते. त्याचे हातपाय थकले तर तो पगारी माणूस ठेवतो. मध्यम स्थितींतील कुटुंबांत हें काम पत्नी, लेक किंवा सून करीत असते आणि त्याची कोठेंही नोंद होत नाहीं. परंतु ज्याच्या घरांत करणारें कोणी नाहीं आणि ज्याच्या गांठीं पैसाही नाहीं, अशा वृद्धाचें काय? त्याचा भार सरकारनें उचलावा काय? आणि उचलावयाचा तर तो त्या वृद्धाच्या घरीं उचलावा, कीं त्यालाच घरांतून उचलून दुसरीकडे न्यावें?

हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं साठ वर्षें विधिमंडळांच्या, न्यायालयांच्या आणि तिजोरीच्या दारांत उभा आहे. त्या देशाजवळ द्रव्य कमी नाहीं, कायदेपंडित कमी नाहींत आणि रुग्णालयेंही कमी नाहींत. तरीही तेथें एका साध्या गोष्टीचा उलगडा होण्यास पिढी-दीड पिढी लागली. ती गोष्ट ही कीं, सरकारी पैसा खाटेच्या मागें जातो कीं माणसाच्या मागें जातो, यावर गरीब म्हाताऱ्याचें घर टिकतें किंवा मोडतें. ही हकीकत थोड्या विस्तारानें पाहण्याजोगी आहे.

प्रथम 'घरची शुश्रूषा' या शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. येथें औषधपाणी किंवा शस्त्रक्रिया अभिप्रेत नाहीं. क्लीव्हलंड शहरांतील डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ सालीं एक मोजमाप प्रसिद्ध केलें. मनुष्य स्वावलंबी आहे कीं परावलंबी, हें ओळखण्यासाठीं त्यांनीं सहा गोष्टी पाहिल्या : स्नान करणें, कपडे घालणें, शौचास जाणें, खाटेवरून उठून खुर्चीवर बसणें व परत जाणें, मलमूत्रावर ताबा असणें आणि स्वतःच्या हातानें जेवणें. आजारांतून उठणारा वृद्ध या शक्ति ज्या क्रमानें परत मिळवितो, तो क्रम लहान मुलाच्या वाढीच्या क्रमाशीं पुष्कळ जुळतो, असेंही त्यांना आढळलें. आज अमेरिकेंत सरकारी मदतीस कोण पात्र हें ठरवितांना याच गोष्टींची, कमीअधिक फरकानें, विचारपूस होते. म्हणजे सरकारपुढील प्रश्न गहन वैद्यकशास्त्राचा नाहीं. सकाळीं अंघोळ कोण घालणार, दुपारीं घास कोण भरविणार, रात्रीं उठवून कोण नेणार, असा तो अगदीं घरगुती प्रश्न आहे. आणि त्याचें हें घरगुतीपणच त्याच्या उपेक्षेचें कारण झालें.

जुन्या काळीं अमेरिकेंत निराधार वृद्धाला 'पुअरहाउस' नांवाच्या, स्थानिक शासनानें कंगालांसाठीं चालविलेल्या, घरांत जावें लागे. तेथें जाणें ही मोठी नामुष्की समजली जाई. १९३५ सालीं राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत सामाजिक सुरक्षिततेचा कायदा झाला आणि त्याच्या आधारानें गरीब वृद्धांना रोख मदत मिळूं लागली. सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना मात्र ही मदत नाकारण्यांत आली. पुअरहाउसें ओस पडावींत, हा त्यांतील हेतु होता आणि तो वाईट नव्हता. परंतु ज्यांना आपलें आपण उठतां-बसतां येत नव्हतें, ते ती रोख रक्कम घेऊन खासगी मालकांच्या वसतिगृहांत गेले. आज तेथें ज्या संस्थांना 'नर्सिंग होम' म्हणतात, त्यांच्या धंद्याला येथूनच बळ मिळालें. मुंबई-पुण्याकडे या नांवानें लहान रुग्णालय ओळखलें जातें. तिकडे मात्र त्याचा अर्थ परावलंबी वृद्धांनीं कायम राहण्याचें शुश्रूषागृह, असा होतो.

३० जुलै १९६५ रोजीं राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं मिसूरी राज्यांतील इंडिपेन्डन्स गांवीं, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या समक्ष, एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्यांतून मेडिकेअर आणि मेडिकेड अशा दोन योजना निघाल्या. नांवें बहिणीबहिणींसारखीं असलीं तरी दोघींचे स्वभाव निराळे आहेत. मेडिकेअर ही मुख्यतः पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठीं असलेली आरोग्यविम्याची योजना. ती रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा खर्च देते, आजारानंतर शुश्रूषागृहांतील जास्तींत जास्त शंभर दिवसांचा भार कांहीं अंशीं उचलते, परंतु वर्षानुवर्षें लागणाऱ्या अंघोळ-जेवणाच्या मदतीची जबाबदारी घेत नाहीं. मेडिकेड ही गरिबांसाठीं. तिचा खर्च वॉशिंग्टनचें संयुक्त सरकार आणि निरनिराळीं राज्यें मिळून सोसतात, आणि संयुक्त सरकारचा वाटा सामान्यतः निम्म्याहून कमी नसतो.

या मेडिकेडच्या कायद्यांत एक मेख मारलेली होती. पात्र मनुष्याचा शुश्रूषागृहांतील खर्च प्रत्येक राज्यानें दिलाच पाहिजे, असें बंधन होतें. तोच मनुष्य घरीं राहून अंघोळीला, जेवणाला मदत मागूं लागला, तर ती द्यावी कीं न द्यावी, हें राज्याच्या मर्जीवर सोडलेलें होतें. एकीकडे 'द्यावेंच' आणि दुसरीकडे 'वाटल्यास द्यावें', एवढाच काय तो शब्दांचा फरक. परंतु त्या फरकानें लक्षावधि माणसांचे शेवटचे दिवस ठरविले. समजा, ऐंशी वर्षांची एक विधवा लहानशा घरांत एकटी राहते. तिला स्वयंपाक थोडाफार जमतो, पण स्नानगृहांत जातांना तोल जातो. रोज दोन तास कोणी आलें तर तिचें भागण्यासारखें आहे. सरकार तिला सांगे कीं, बाई, दोन तासांची मदत देण्याचा नियम नाहीं. मात्र घर सोडून आलीस तर चोवीस तासांची मदत देण्याचा नियम आहे. आज अशा शुश्रूषागृहांतील खोलीचा खर्च वर्षाला सामान्यतः एक लाख डॉलरहून अधिक होतो, आणि तेथें राहणाऱ्या दर दहा माणसांपैकीं सुमारें सहांचा भार मेडिकेडवर पडतो. दोन तासांसाठीं नकार आणि चोवीस तासांसाठीं होकार, असा हा व्यवहार होता.

या व्यवहारास पहिला चांगला पर्याय सरकारी कचेरींतून आला नाहीं. तो सॅन फ्रान्सिस्को शहरांतील चिनी वस्तींतून आला. तेथील वृद्धांची भाषा निराळी, अन्न निराळें, रीतभात निराळी. दूरच्या शुश्रूषागृहांत परक्या भाषेंत आणि परक्या ताटावर त्यांनीं दिवस कंठावे, हें त्यांच्या लोकांस रुचेना. विल्यम जी नांवाचे दंतवैद्य आणि मारी-लुईझ अन्साक नांवाच्या समाजसेविका यांच्या पुढाकारानें १९७१ सालीं 'ऑन लोक' ही संस्था निघाली; या चिनी नांवाचा अर्थ सुखशांतीचें घर असा सांगतात. वृद्धांना सकाळीं गाडीनें केंद्रांत आणावें, तेथें डॉक्टर, व्यायाम, जेवण आणि चार समवयस्क मंडळी भेटावींत, संध्याकाळीं ज्याला त्याला आपापल्या घरीं पोंचवावें आणि घरीं जी मदत लागेल तीही संस्थेनेंच द्यावी, अशी ही योजना. पुढें तिला माणशीं दरमहा ठराविक रक्कम देण्याची पद्धत पडली. त्या रकमेंत सर्व कांहीं भागविण्याची जोखीम संस्थेनें पत्करली. १९९७ च्या कायद्यानें या नमुन्यास मेडिकेअर व मेडिकेड या दोन्ही योजनांत कायमचें स्थान मिळालें.

कायद्याचें दार मात्र एका लहान मुलीनें उघडलें. आयोवा राज्यांतील सीडर रॅपिड्स येथील केटी बेकेट हिला अगदीं तान्हेपणीं मेंदूचा दाह झाला आणि श्वासोच्छ्वासासाठीं तिला यंत्राचा आधार लागला. डॉक्टरांच्या मतें तिला घरीं नेणें शक्य होतें. खर्चही रुग्णालयापेक्षां पुष्कळ कमी आला असता. पण घरीं नेल्यास सरकारी मदत बंद होणार, असा नियम होता. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं १९८१ च्या नोव्हेंबरांत या नियमाचा जाहीर उल्लेख केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केटी घरीं गेली. त्याच सालीं झालेल्या अर्थविषयक कायद्यानें राज्यांना एक नवी वाट मोकळी करून दिली. शुश्रूषागृहांत राहण्याइतका जो परावलंबी आहे, त्याला राज्याची इच्छा असल्यास नियमांतून सूट देऊन घरींच मदत द्यावी, अशी ती वाट. तिला 'वेव्हर' म्हणजे सूटच म्हणतात. ही वाट वृद्धांना व अपंगांना सारखीच खुली झाली.

या सुटीचा कारभार कसा चालतो, हें थोडक्यांत असें. वृद्धानें किंवा त्याच्या नातेवाइकानें राज्याच्या कचेरींत अर्ज करावयाचा. मिळकतीचे कागद तपासले जातात. मग परिचारिका किंवा समाजसेविका घरीं येऊन तीं सहा कामें त्याला कितपत जमतात तें पाहते आणि आठवड्याला किती तासांची मदत लागेल तें लिहून देते. त्याप्रमाणें एकाद्या संस्थेकडून मदतनीस बाई येते. कित्येक राज्यांत वृद्धाला आपल्या पसंतीचें माणूस नेमतां येतें. स्वच्छतागृहांत धरावयाचे दांडे, चाकाच्या खुर्चीसाठीं दारांत उतरण, घरपोंच जेवण, अशाही गोष्टी कोठें कोठें मिळतात. बाई केव्हां आली आणि केव्हां गेली, याची नोंद २०१६ च्या एका कायद्यानें विजेच्या उपकरणावर, बहुधा दूरध्वनीवर, करणें आवश्यक केलें आहे.

हें सर्व ऐकतांना वाटावें कीं, प्रश्न सुटला. परंतु ती सूट होती, हक्क नव्हता. आणि सुटीला अटी असतात. पहिली अट अशी कीं, घरच्या शुश्रूषेचा सरासरी खर्च संस्थेंतील खर्चापेक्षां अधिक होतां कामा नये. दुसरी गोष्ट, किती लोकांना सूट द्यावयाची ती संख्या राज्यानें आधींच ठरवून ठेवावी. शुश्रूषागृहाच्या दारावर 'जागा मंजूर नाहीं' अशी पाटी सरकारला लावतां येत नाहीं. घरच्या मदतीवर मात्र ती लावतां येते. म्हणून याद्या वाढल्या. आज सर्व राज्यें मिळून लक्षावधि माणसें या याद्यांवर आहेत. त्यांतील बहुसंख्य बौद्धिक अपंगत्व असलेलीं आहेत, तरी वृद्धांचीं नांवेंही त्यांत आहेत. आणि वृद्धाला वाट पाहण्यास सांगणें याचा अर्थ काय होतो, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

न्यायालयानें या बाबतींत एक महत्त्वाचें पाऊल टाकलें. जॉर्जिया राज्यांतील लोइस कर्टिस आणि एलेन विल्सन या दोन स्त्रियांना, समाजांत राहून उपचार घेण्यास त्या योग्य आहेत असें वैद्यांनीं सांगितल्यावरही, सरकारी मनोरुग्णालयांतच ठेवलेलें होतें. २२ जून १९९९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कारण नसतां माणसाला संस्थेंत एकटें पाडून ठेवणें हा १९९० च्या अपंगविषयक कायद्याप्रमाणें पक्षपात होय. निकालपत्र न्यायमूर्ति रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीं लिहिलें. त्यांतही राज्याच्या ऐपतीचा विचार करण्यास आणि वाजवी वेगानें पुढें सरकणारी यादी ठेवण्यास जागा होती. तरी पण पारडें हळूहळू झुकूं लागलें. २०१३ च्या आर्थिक वर्षांत मेडिकेडच्या दीर्घकालीन शुश्रूषेवरील खर्चापैकीं निम्म्याहून अधिक पैसा प्रथमच संस्थांऐवजीं घरांकडे व वस्त्यांकडे गेला. १९६५ पासून मोजलें तर या एका वळणास अठ्ठेचाळीस वर्षें लागलीं.

आतां या मदतीची किंमत पाहूं. मेडिकेड गरिबांसाठीं आहे, म्हणून वृद्ध मनुष्य खरोखर गरीब आहे कीं नाहीं याची कसून परीक्षा होते. पुष्कळ राज्यांत एकट्या माणसाजवळ दोन हजार डॉलरहून अधिक शिल्लक असतां कामा नये, असा दंडक आहे. हा आंकडा ज्या सरकारी निर्वाह-मदतीच्या नियमावरून घेतला आहे, त्या नियमांत तो १९८९ पासून बदललेला नाहीं. पतीच्या आजारांत पत्नी भिकेस लागूं नये म्हणून १९८८ सालीं संरक्षण देण्यांत आलें. पण सर्व राज्यांवर तें बंधनकारक होतें तें शुश्रूषागृहांतील पतीच्या पत्नीपुरतेंच. घरीं मदत घेणाऱ्याच्या पत्नीला तसें संरक्षण सर्वत्र मिळण्यास २०१४ साल उजाडलें, आणि तेंही वेळोवेळीं मुदत वाढवीत चालू आहे. घरीं राहणाऱ्याकडे दुय्यम दृष्टीनें पाहण्याची जुनी संवय अशी कलमाकलमांतून दिसून येते.

याहून कठोर नियम १९९३ सालचा आहे. पंचावन्न वर्षांवरील मनुष्यावर शुश्रूषागृहांत किंवा घरीं मेडिकेडनें जो दीर्घकालीन खर्च केला असेल, तो त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेंतून वसूल करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानें केलाच पाहिजे. विधवा किंवा विधुर हयात असेपर्यंत, आणि मूल अज्ञान, अंध अथवा अपंग असल्यास, वसुली होत नाहीं. परंतु इतरांच्या बाबतींत मागें राहिलेलें घर हीच बहुधा एकमेव मालमत्ता असते. जें घर सुटूं नये म्हणून मदत घेतली, त्याच घरावर त्या मदतीचा बोजा चढतो. सार्वजनिक पैसा परत घेण्यांत अन्याय नाहीं, असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. लबाडीनें मालमत्ता मुलांच्या नांवें करून मदत उकळणारेही असतात, म्हणून अर्जापूर्वींच्या पांच वर्षांतील देणग्या तपासल्या जातात. तथापि श्रीमंताच्या हृदयरोगावर मेडिकेअरनें केलेला खर्च त्याच्या वारसांकडून कोणी मागत नाहीं, आणि गरिबाच्या अंघोळीचा खर्च मात्र मागितला जातो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या सर्व व्यवहारांत एका व्यक्तीचा उल्लेख आतांपर्यंत ओझरताच झाला. ती म्हणजे घरीं येणारी मदतनीस बाई. तिच्यावांचून कायद्याचें एकही कलम अंमलांत येत नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेनें घरकाम करणाऱ्यांना किमान वेतनाच्या कायद्याखालीं आणलें. पण वृद्धांची 'सोबत' करणारीला त्यांतून वगळलें, जणुं ती पत्ते खेळावयासच येते! न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या, जमैकाहून आलेल्या एव्हलिन कोक या बाईनें अनेक वर्षें हें काम केल्यावर जादा तासांचें वेतन मागितलें. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तिच्या विरुद्ध निकाल दिला आणि २००९ मध्यें ती निवर्तली. पुढें मजूर-खात्यानें २०१३ सालीं नियम बदलला व २०१५ पासून संस्थांमार्फत येणाऱ्या अशा मदतनिसांना किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला लागू झाला. २०२५ च्या जुलै महिन्यांत त्याच खात्यानें हा नियम मागें घेण्याचा प्रस्ताव मांडला. जी दुसऱ्याच्या आईला उठविते-बसविते, तिच्या हक्काचें पान असें पुनःपुन्हां उलटें फिरतें.

कॅलिफोर्निया राज्यानें या बाबतींत एक निराळी रीत घातली. तेथें वृद्ध स्वतःच आपला मदतनीस निवडतो. तो मदतनीस नातेवाईकही असूं शकतो, आणि प्रत्यक्षांत बहुसंख्य मदतनीस नातेवाईकच आहेत. अत्यंत परावलंबी मनुष्यास महिन्याला जास्तींत जास्त २८३ तासांची मदत मिळते. म्हणजे नोकरी सोडून आईजवळ बसणाऱ्या मुलीला त्या तासांचें वेतन सरकार देतें. १९९९ सालीं लॉस एंजेलिस येथील सुमारें चौऱ्याहत्तर हजार मदतनिसांनीं संघटित होण्याचा निर्णय घेतला. एरवीं चार भिंतींआड एकेकट्या राबणाऱ्या माणसांनीं एवढ्या संख्येनें एकत्र यावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

येथें एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणें ऐकला पाहिजे. मुलगी आईचें जें फुकट करीत होती, त्याचे पैसे दिले तर सरकारच्या डोक्यावर डोंगर होईल. शुश्रूषागृहांत जाण्यास कोणी खुषी नसतो, पण घरची मदत सर्वांनाच हवी असते, तेव्हां मागणाऱ्यांना अंत राहणार नाहीं, असें आक्षेपक म्हणतात. हा आक्षेप हवेंतला नाहीं. १९८२ ते १९८५ या काळांत संयुक्त सरकारनें निरनिराळ्या ठिकाणीं घरच्या मदतीचा मोठा प्रयोग करून पाहिला. ज्यांना मदत दिली त्यांतील बहुतेक जण मदत न मिळतीं तरी शुश्रूषागृहांत गेलेच नसते, असें निघालें. त्यामुळें एकंदर खर्च घटण्याऐवजीं वाढला. मात्र मदत मिळालेले वृद्ध आणि त्यांची सेवा करणारीं घरचीं माणसें अधिक समाधानी होतीं.

या प्रयोगाचा बोध नीट घेतला पाहिजे. घरची शुश्रूषा स्वस्त पडते म्हणून ती द्यावी, असें सांगणाऱ्यांनीं वृद्धांचें हित करतां करतां त्यांचा पक्ष दुबळा करून ठेवला. स्वस्तपणाच्या पायावर उभें केलेलें घर महागाईच्या पहिल्या वाऱ्यानें हलतें. एका माणसापुरतें पाहिलें तर घर शुश्रूषागृहापेक्षां बहुधा स्वस्त असतें. परंतु जे आजवर कांहीं न मागतां घरांत कुजत पडले होते, ते दार उघडतांच पुढें येतात आणि बेरीज वाढते. ती बेरीज नव्या दुःखाची नसते. आजवर हिशेबांत न धरलेल्या जुन्या दुःखाची असते. म्हणून या मदतीचा खरा आधार एकच होऊं शकतो : मनुष्य केवळ दुबळा झाला एवढ्यावरून त्याचें घर सुटूं नये. हें तत्त्व मान्य असेल तर त्याची किंमत मोजावी. मान्य नसेल तर तसें स्पष्ट सांगावें.

आज त्या तत्त्वाची कसोटीच लागली आहे. ४ जुलै २०२५ रोजीं अमेरिकेंत झालेल्या कायद्यानें मेडिकेडवरील संयुक्त सरकारच्या खर्चांत पुढील दहा वर्षांसाठीं फार मोठी काटछांट ठरविली आहे. त्या कायद्यांत वृद्धांची घरची मदत बंद करा, असें लिहिलेलें नाहीं. तसें लिहावेंही लागत नाहीं. राज्यांच्या हातीं पैसा कमी आला म्हणजे 'द्यावेंच' या सदरांतील खर्च चालू राहतो आणि 'वाटल्यास द्यावें' या सदरावर कात्री पडण्याचें भय असतें. १९६५ सालीं मारलेली मेख अजून उपटलेली नाहीं, ती अशी.

या हकीकतीशीं महाराष्ट्राचा संबंध दूरचा वाटेल, पण तो तितका दूर नाहीं. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सस येथें स्थायिक झालेलीं मराठी मुलें आपल्या आईबापांना तिकडे कायमच्या वास्तव्यासाठीं नेतात. १९९६ च्या कायद्यानें अशा नवागतांस पहिलीं पांच वर्षें मेडिकेड सामान्यतः मिळत नाहीं; शिवाय आईबापांचा भार आपण उचलूं, असें कायद्यानें बांधून टाकणारें प्रतिज्ञापत्र मुलाला द्यावें लागतें. पासष्टाव्या वर्षीं घर विकून निघालेल्या माणसानें ही गोष्ट विमानाचें तिकीट काढण्यापूर्वीं समजून घ्यावी हें बरें.

आणि इकडे काय आहे? महाराष्ट्रांत श्रावणबाळ योजनेखालीं पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांस मिळणारें वेतन २०२३ सालीं दरमहा १,५०० रुपये झालें. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवतां, कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचार मोफत झाले. हें मोठें काम आहे. परंतु रुग्णालयांतून घरीं आल्यावर पंधरा दिवसांनीं ती योजना हात काढून घेते, आणि अंघोळीचा व घांसाचा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो. केरळ राज्यानें २००८ सालीं धोरण ठरवून ग्रामपंचायतींच्या पैशानें परिचारिकांस अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरीं पाठविण्याची व्यवस्था केली, तें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. खाटेपाशीं थांबणारा पैसा उंबरठ्यापर्यंत नेतां येतो, हें त्यानें दाखविलें.

अमेरिकेचा धडा एवढाच कीं, अशी योजना आंखतांना पहिल्याच दिवशीं शब्द नीट निवडावे. घरची शुश्रूषा सवलत म्हणून दिली तर ती प्रत्येक अंदाजपत्रकांत पुन्हां मागावी लागेल. हक्क म्हणून दिली तर तिची व्यवस्था करणें सरकारला भाग पडेल. आणि ज्या बाईच्या हातानें ती शुश्रूषा व्हावयाची, तिचें वेतन त्याच कायद्यांत, त्याच पानावर लिहावें. म्हातारपण कोणाला चुकलेलें नाहीं; कायदे करणाऱ्यांनाही नाहीं.